तांब्यात पैसे टाकताय? आधी मोडीचा भाव विचारून या

"तांबं वाढतंय म्हणे, घेऊन ठेवू का?" असं दर महिन्याला कुणीतरी विचारतंच. इलेक्ट्रिक गाड्या, सोलर, वायरी, सगळं खरंय, मागणी आहे. पण कारखान्याला तांबं लागतं म्हणून तुमच्या कपाटातल्या बिस्किटाला गिऱ्हाईक मिळेल असं नाही.

आधी भांड्यांच्या दुकानात जा, नव्या तांब्याच्या कळशीचा किलोचा भाव विचारा, मग तीच उद्या आणली तर मोडीत काय देणार ते विचारा. मधली फट भरून निघाल्याशिवाय नफा बिफा काही नाही.

ऑनलाइन मिळणारी बिस्किटं आणि चकचकीत नाणी याहून वाईट. हिशेबापुरता किलोला १००० रुपये भाव धरा, तर एक औंसाचं, म्हणजे २८ ग्रॅमचं नाणं २८ रुपयांचं तांबं झालं. ते कितीला विकतायत बघा आणि मोबाईल बाजूला ठेवा. शिवाय लाखाचं तांबं म्हणजे १०० किलो, गव्हाचं अख्खं पोतं, ठेवणार कुठे? भावावरच खेळायचं तर एमसीएक्स हा वायदेबाजार आहे, पण तिथे एका सौद्याचा लॉट २५०० किलोचा, नवख्याने लांबच राहावं.

उरली जुनी नाणी. इथे तांब्याचा भाव विसरा, पैसे नाण्याचे असतात. सुरुवात १८३५ च्या ईस्ट इंडिया कंपनीच्या पाव आण्यापासून करा, ६.४८ ग्रॅमचं, भरमसाट पाडलेलं, म्हणून झिजलेलं असेल तर फार वाढणार नाही, पण हात बसतो. राम दरबार छापलेली १८१८ ची 'कंपनीची नाणी' घेऊ नका, कंपनीने तसलं नाणं कधी काढलंच नाही. तांदूळ ओढून घेणारं 'चमत्कारी' तांब्याचं भांडं विकायला दाखवणारा भेटला तर सरळ पोलिसांना फोन. आणि रिझर्व्ह बँकेच्या नावाने 'जुनं नाणं लाखाला घेतो, आधी फी भरा' म्हणणारेही चोरच, बँकेने २०२१ मध्ये स्वतः तसं जाहीर केलंय.

आता शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं. सगळे इथेच फसतात, मीही फसलोय. बाजारात घोंगडीवर नाणी मांडून बसलेल्या एकाकडून पाच घेतल्या, 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' अगदी स्वच्छ, अख्खं, मी खूश. घरी येऊन भिंगाखाली ठेवल्या तर दोघींवर 'रा'च्या कान्याला एकाच जागी, एकाच आकाराची खाच. हाताने ठोकून पाडलेल्या दोन नाण्यांना वापरात पडलेली खाच इतकी सारखी कशी असेल? एकाच नाण्यावरून साचा काढून ओतलेल्या होत्या. बाकीच्या तिघीही तसल्याच निघाल्या.

तेव्हापासून मी काय बघतो ते सांगतो. खऱ्या शिवराईचा ठसा, म्हणजे ठोकायचा छाप, बहुतेक वेळा चकतीपेक्षा मोठा असतो, त्यामुळे एखादं अक्षर कापलं जातं आणि भोवतीच्या ठिपक्यांची माळ अर्धीच दिसते, तेव्हा सगळं मधोमध छान बसलेलं दिसलं की मी आधी शंका घेतो. मग दहापट भिंगाने पृष्ठभाग बघा, बारीक छिद्रं, रवाळपणा, गुळगुळीत झालेल्या अक्षरांच्या कडा म्हणजे ओतीव. मग नाणं आडवं धरून काठ फिरवा, साच्याचा जोड लपवायला कानशीने घासलेली रेघ दिसली तर ठेवून द्या. 'वजन बरोबर आहे ना, मग खरं' हा सल्ला मात्र कुणी दिला तर ऐकू नका, खऱ्या शिवराई नाण्यांचं वजनही कमीजास्त असतं आणि नकलीवाल्यांकडेही तराजू असतो.

दुसरी चूक त्याहून मूर्खपणाची. एक खरी मिळाली होती, काळपट, तीही मी चिंच-मीठ लावून घासली, देवघरातल्या पळीसारखी लख्ख केली. नाण्यांच्या व्यापाऱ्याला दाखवायला नेली तर त्याने एकदाच उलटी केली आणि "धुतलीत होय" म्हणून परत दिली, भाव सांगितलाच नाही. तो काळा-तपकिरी थर म्हणजेच नाण्याची अर्धी किंमत. घरातल्या कुणी हौसेने घासू नये म्हणून कुलपात ठेवा, अगदी सासूबाईंनासुद्धा देऊ नका.

बिल घ्याच. १०० वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने परवान्याशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही, त्यामुळे परदेशातल्या भाच्याला कुरिअर करू नका. आणि ते मऊ, वास येणारं पीव्हीसी प्लास्टिकचं पाकीट नको, तांबं त्यात हिरवं आणि चिकट होतं, साधं कागदी पाकीट बरं.