फॉरेन्सिकला जायचंय? आधी जाहिरात वाचा

फॉरेन्सिक म्हणजे गुन्ह्यातल्या पुराव्यांची शास्त्रीय तपासणी. बारावीला सायन्स आहे हे धरून चालते. पहिलं काम म्हणजे फॉरेन्सिकच्या सरकारी भरतीची मागची जाहिरात काढून शैक्षणिक अर्हतेची ओळ वाचणं, तीही कॉलेजचा प्रवेश घेण्याआधी. मी ती वाचली नव्हती. गणितात बी.एस्सी. केलं, वर फी भरून एक वर्षाचा फॉरेन्सिक डिप्लोमा. लेखी परीक्षा पास झाले, म्हणून कोल्हापूरहून रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला कागदपत्रं दाखवायला गेले. टेबलापलीकडच्या बाईंनी जाहिरातीतल्या ‘रसायनशास्त्र’ या शब्दावर पेन टेकवलं, माझी मार्कलिस्ट पाहिली आणि फाइल परत सरकवली. डिप्लोमा प्लॅस्टिकच्या कव्हरमधून बाहेरसुद्धा निघाला नाही.

दुसरं, नेमकं कोणतं काम हवंय ते ठरवा. टीव्हीवर एकच माणूस सगळं करतो, तसं इथं नसतं. बोटांचे ठसे राज्य गुन्हे अन्वेषण विभागाकडे. रक्त, विष, डीएनए न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे. तिची प्रादेशिक शाखा आपल्या कोल्हापुरातही आहे. पद बदललं की अर्हता बदलते, म्हणजे पुन्हा जाहिरात बघायचीच. ‘फॉरेन्सिक केलं की कुठंही चालतं’ असं क्लासवाले सांगतील. त्यांना जाहिरातीतली ओळ दाखवायला सांगा.

काम वाढणार आहे, हे खरं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (गुन्ह्याचा तपास आणि खटला कसा चालवायचा ते ठरवणारा कायदा) कलम 176 मध्ये, सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञानं घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंत मुदत आहे.

हाताला सवय आत्तापासून लावा. घरातली एक खोली घ्या. आधी काहीही न हलवता फोटो, मग तीच वस्तू जवळून, एकदा मोजपट्टी न ठेवता आणि एकदा शेजारी मोजपट्टी ठेवून. नंतर मापं घेऊन कच्चा नकाशा. रक्ताचा ओला कपडा प्लॅस्टिकमध्ये कोंबायचा नाही, ओलाव्यानं नमुना कुजतो. सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवायचा. अर्ध्या तासात चिडचिड होत असेल, तर हे काम तुमचं नाही.

शिकायला मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय फॉरेन्सिक संस्था, गांधीनगरचं राष्ट्रीय फॉरेन्सिक विज्ञान विद्यापीठ. डोमिसाइल, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर वेळेत काढा, मुदत तपासा. पंचनाम्याचं मराठी वाचा. इंग्रजी, संगणक आलंच.

आणि प्रवेशाच्या दिवशी अर्हतेची ती ओळ छापून सोबत न्या. कॉलेजच्या विषयांच्या यादीशेजारी ठेवा, शब्दाला शब्द लावा, मगच सही करा.