घरच्या घरी कँटोनीज वॉन्टन सूप

वॉन्टन, म्हणजे मैद्याच्या पातळ पारीत सारण भरून उकळत्या पाण्यात शिजवलेल्या पुरचुंड्या, चीनच्या अनेक प्रांतांत होतात आणि प्रत्येक ठिकाणी त्यांचे रूप बदलते. सिचुआनमध्ये ते चाओशौ या नावाने लाल मिरचीच्या तेलात घोळवून खातात, शांघायमध्ये मोठ्या आकाराच्या वॉन्टनमध्ये मांसाबरोबर पालेभाजी भरतात, तर ग्वांगडोंग प्रांतात आणि हाँगकाँगमध्ये कोळंबी व डुकराचे मांस भरलेले छोटे वॉन्टन नितळ सूपमध्ये वाढतात. पुढे दिलेली कृती या शेवटच्या, म्हणजे कँटोनीज पद्धतीची आहे. तिच्यात मसाले अगदी मोजके असल्यामुळे कोणतीही उणीव झाकली जात नाही. स्टॉक, म्हणजे हाडे मंद आचेवर शिजवून काढलेले पाणी, नितळ हवा, सारण दाताखाली लवचीक लागायला हवे आणि पारी इतकी पातळ हवी की शिजल्यावर आतली कोळंबी तिच्यातून गुलाबी दिसावी.

स्टॉकला दोन-अडीच तास लागतात, म्हणून सुरुवात त्यानेच करावी. कोंबडीची आणि डुकराची मिळून एक किलो हाडे थंड पाण्यात घालून उकळी आणावी, पाच मिनिटे उकळू द्यावीत, मग ते पाणी टाकून देऊन हाडे स्वच्छ धुवावीत. स्टॉक गढूळ करणारे रक्त आणि मळी या पहिल्या पाण्याबरोबर निघून जाते. आता अडीच लिटर ताजे थंड पाणी, आल्याच्या चार-पाच चकत्या, कांद्याच्या पातीच्या दोन-तीन काड्या आणि मूठभर सोडे (सुकवलेली कोळंबी) घालून भांडे मंद आचेवर ठेवावे. पृष्ठभागावर अधूनमधून एखादा बुडबुडा यावा, एवढीच आच पुरेशी असते. खळखळून उकळल्यास चरबीचे बारीक थेंब होऊन ते पाण्यात मिसळतात आणि स्टॉक दुधाळ होतो, तो नंतर कितीही गाळला तरी निवळत नाही. वर येणारा फेस झाऱ्याने काढत राहावा. कँटोनीज स्वयंपाकात सोड्यांच्या जोडीला सुकवलेला चपटा मासा भाजून घालतात आणि त्या सूपचा खास खमंग वास त्याच्यामुळेच येतो. तो मिळाला तर अवश्य घालावा, मात्र न मिळाल्यास त्याच्या जागी दुसरे काही शोधत बसू नये. स्टॉक आटत असल्यामुळे मीठ गाळून झाल्यानंतरच घालावे.

माझ्या मते या पदार्थाचे खरे कौशल्य सारणात आहे. चाळीस वॉन्टनसाठी डुकराच्या मांसाचा 250 ग्रॅम खिमा आणि सोललेली 150 ग्रॅम कोळंबी घ्यावी. खिम्यात साधारण तीस टक्के चरबी असावी, कारण निव्वळ मांसाचे सारण शिजल्यावर कोरडे व घट्ट होते. डुकराचे मांस चालत नसेल तर कोंबडीच्या मांडीच्या मांसाचा खिमा घ्यावा, छातीच्या मांसाचा नको. कोळंबीचा काळा धागा काढून तिला पाव चमचा खाण्याचा सोडा आणि चिमूटभर मीठ चोळावे, वीस मिनिटे तशीच ठेवून मग वाहत्या थंड पाण्याखाली भरपूर धुवावी आणि फडक्याने अगदी कोरडी करावी. सोड्याच्या अल्कधर्मी गुणामुळे कोळंबी पाणी धरून ठेवते आणि शिजल्यावर करकरीत लागते, पण धुण्यात हयगय झाली तर साबणासारखी चव येते. प्रत्येक कोळंबीचे दोन-तीनच तुकडे करावेत.

खिम्यात अर्धा चमचा मीठ, एक मोठा चमचा लाइट सोया सॉस, एक मोठा चमचा शाओशिंग वाइन (तांदळाची चिनी वाइन), अर्धा चमचा साखर, पाव चमचा पांढरी मिरपूड आणि एक चमचा किसलेले आले घालून तो एकाच दिशेने जोराने फेटावा. फेटत असताना तीन मोठे चमचे थंड पाणी थोडे थोडे घालावे आणि आधीचे जिरल्याशिवाय पुढचे घालू नये. मिठामुळे मांसातील प्रथिने सुटतात, ती एकमेकांना चिकटतात आणि पाणी व चरबी दोन्ही धरून ठेवतात. खिमा चिकट होऊन भांड्याच्या कडेला तंतू ओढू लागला की फेटणे थांबवावे. एकाच दिशेने फेटण्याचा नियम चिनी स्वयंपाकघरात कटाक्षाने पाळतात, पण माझ्या अनुभवाने दिशेपेक्षा खिमा थंड असणे आणि हात न थांबणे यांना जास्त महत्त्व आहे. कोळंबी आणि एक चमचा भाजलेल्या तिळांचे तेल अगदी शेवटी मिसळावे, कारण तेल आधी घातले तर मांस पाणी शोषत नाही. सारण अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावे. चव पाहायची असेल तर लहानशी गोळी उकळत्या पाण्यात शिजवून पाहावी, कच्चे सारण तोंडात घालू नये.

पारी तयार मिळत असेल तर अंडे घातलेली, पातळ, चौकोनी आणि पिवळसर घ्यावी. घरी करायची झाल्यास 200 ग्रॅम मैदा, एक अंडे, चिमूटभर मीठ आणि सुमारे 45 मिलिलिटर पाणी घेऊन घट्ट गोळा मळावा, तासभर झाकून ठेवावा आणि जमेल तितका पातळ लाटून आठ सेंटिमीटरचे चौकोन कापावेत. भुरभुरायला कॉर्नफ्लोअर वापरावे, कारण मैदा पारीतली ओल शोषून चिकटतो.

पारीच्या मध्यभागी चमचाभर, म्हणजे साधारण दहा ग्रॅम सारण ठेवून कडांना पाण्याचे बोट लावावे आणि त्रिकोणी घडी घालावी. आतली हवा सारणापासून बाहेरच्या दिशेने दाबून काढावी, कारण अडकलेली हवा उकळत्या पाण्यात फुगते आणि पारी फाडते. मग त्रिकोणाच्या लांब बाजूची दोन टोके एकमेकांवर आणून पाण्याने चिकटवावीत. तयार वॉन्टन आणि उरलेल्या पाऱ्या ओलसर फडक्याखाली ठेवाव्यात. जास्तीचे वॉन्टन ताटात सुटे मांडून गोठवावेत आणि नंतर डब्यात भरावेत. शिजवताना ते वितळू न देता थेट उकळत्या पाण्यात सोडावेत.

वॉन्टन स्टॉकमध्ये कधीही शिजवू नयेत, नाहीतर कॉर्नफ्लोअरमुळे मेहनतीने केलेला नितळ स्टॉक एका क्षणात गढूळ होतो. वेगळ्या मोठ्या पातेल्यात पाणी उकळून एका वेळी दहा-बाराच सोडावेत, तळाला चिकटू नयेत म्हणून पळीच्या पाठीने हलकेच ढवळावे आणि तीन-चार मिनिटे शिजवावे. ते तरंगू लागल्यानंतर आणखी एक मिनिट ठेवावे. गोठवलेल्यांना दोनेक मिनिटे जास्त लागतात. पहिल्या घाण्यातला एक कापून आतपर्यंत शिजल्याची खात्री करून घ्यावी.

वाडग्यात चिमूटभर पांढरी मिरपूड, तिळाच्या तेलाचे दोन-तीन थेंब आणि बारीक चिरलेली कांद्याची पात घालून त्यावर कडक गरम स्टॉक ओतावा आणि मग निथळलेले वॉन्टन सोडावेत. वाफवलेला बोक चॉय (एक चिनी पालेभाजी) सोबत चांगला लागतो. पातळ अंड्याचे नूडल्स घालायचे असतील तर हाँगकाँगच्या रीतीप्रमाणे वॉन्टन तळाशी आणि नूडल्स त्यांच्यावर ठेवावेत, म्हणजे नूडल्स सूपमध्ये बुडून मऊ पडत नाहीत. वाढल्यावर लगेच खावे, कारण पाच-दहा मिनिटांत पारी सूप शोषून फुगते.