जुनी मोठी सेडान मुंबईत रोज चालवायला जमेल का, हे गाडी घेण्याआधी कसं तपासावं

नव्या छोट्या हॅचबॅकच्या पैशांत जुनी ऑक्टेव्हिया किंवा कोरोला अल्टिस मिळते, जरा शोधलं तर सुपर्बही मिळते. गाडी दिसायला देखणी, सीट ऐसपैस, डिकी प्रचंड. मन तिथेच विरघळतं. मग ओळखीपाळखीचे सल्ले सुरू होतात: "मायलेज कमी देईल, बाकी काही नाही." "रिव्हर्स कॅमेरा आहे ना?" "होते हो सवय." या तिन्हींवर विसंबून मुंबईत मोठी गाडी घेऊ नका. मायलेजचा हिशेब कागदावर दोन मिनिटांत होतो. कॅमेरा मागचं दाखवतो, पण मोठी गाडी घासते ती बहुतेक वेळा बाजूने. आणि सवयीने गाडीची लांबी कमी होत नाही.

माझं मत पक्कं आहे. मोठी सेडान तुम्हाला झेपेल की नाही, हे सोसायटीच्या गेटपासून तुमच्या पार्किंगपर्यंतच्या शेवटच्या पन्नास मीटरमध्ये ठरतं. म्हणून आधी जागा तपासायची, गाडी नंतर.

१. आकडे काढा

कंपनीच्या माहितीपत्रकातून लांबी, रुंदी, व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) आणि टर्निंग रेडियस (गाडी पूर्ण वळवली तर होणाऱ्या वर्तुळाची त्रिज्या) लिहून घ्या. तुलनेसाठी काही मापं देतो. २०१४ ते २०२० मधली होंडा सिटी ४.४४ मीटर लांब आणि जेमतेम १.७० मीटर रुंद आहे. सियाझ ४.४९ आणि १.७३. अल्टिस ४.६२ आणि १.७८. ऑक्टेव्हिया साधारण ४.६७ आणि १.८१. २०१६ची सुपर्ब ४.८६ आणि १.८६. २०१७ची डिझायर लांबीला चार मीटरच्या आत असली तरी रुंदीला १.७३ मीटर, म्हणजे त्या सिटीपेक्षा जास्तच. तेव्हा "मोठी गाडी" हा शब्द सोडा. लांबीचा त्रास वेगळा आणि रुंदीचा वेगळा. या रुंदीत बाजूचे आरसे धरलेले नसतात. ते उघडे असताना वीसेक सेंटिमीटर आणखी लागतात.

२. पार्किंग तपासा, आणि इथे घाई करू नका

हा टप्पा मला नीट समजायला बराच वेळ लागला, कारण टेप जागा मोजते, वळण मोजत नाही.

सोपं आधी. मुंबईच्या बांधकाम नियमांत गाडीच्या जागेची दोन मापं आहेत: मोठी २.५ बाय ५.५ मीटर, छोटी २.३ बाय ४.५ मीटर. तुमच्या वाट्याला कुठली आली आहे ते स्वतः मोजा, सेक्रेटरींच्या तोंडी माहितीवर जाऊ नका. छोट्या जागेत ऑक्टेव्हिया सतरा सेंटिमीटर बाहेर राहते. रुंदीत एकूण ४९ सेंटिमीटर उरतात, म्हणजे गाडी बरोबर मधोमध लावली तर प्रत्येक बाजूला पंचवीससुद्धा नाहीत. त्यातून धडधाकट माणूस कसाबसा तिरका बाहेर येईल. गुडघे दुखणारी आई येणार नाही. तिला रोज गेटपाशीच उतरवायचं आणि मागे हॉर्न वाजवणाऱ्यांचं ऐकून घ्यायचं, याची तयारी आहे का, हे घरात आधी बोलून घ्या.

आता अवघड भाग. वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, ती आतून कापत जातात. व्हीलबेस जितका लांब तितकं हे कापणं जास्त. डिझायरचा व्हीलबेस २.४५ मीटर, सिटीचा २.६०, सुपर्बचा २.८४. स्टिल्टखालच्या खांबाला वळसा घालून आत शिरताना पुढचं चाक खांबापासून फूटभर लांबून सुखरूप जातं, ड्रायव्हर निश्चिंत होतो, आणि मागच्या दाराचा खालचा भाग खांबाला लागतो. मोठ्या जुन्या सेडानच्या डाव्या मागच्या दारावर आणि चाकावरच्या पत्र्यावर रंग पुन्हा मारलेला दिसला, तर आधीच्या मालकाच्या पार्किंगची हकिगत तुम्हाला तिथेच वाचायला मिळते. असा पत्रा बघितला की मी मालकाला विचारतो, "कुठे लावता गाडी?" उत्तर खूप काही सांगून जातं.

पुढच्या बाजूलाही एक फसगत आहे. माहितीपत्रकातला टर्निंग रेडियस बहुतेक वेळा चाकाच्या वाटेवरून मोजलेला असतो. बंपरचा कोपरा त्याहून बाहेरून फिरतो. सिटीचे ५.३ मीटर वाचून तुम्ही दुप्पट करता, १०.६ मीटर मोकळी जागा आहे म्हणून खूश होता, आणि समोरच्या भिंतीशी नाक अडतं. भिंती असतील तिथे या आकड्यात निदान अर्धा-पाऊण मीटर वाढवून धरा.

यावर माझा उपाय साधा आहे. रात्री नऊनंतर, शेजाऱ्यांच्या सगळ्या गाड्या जागेवर आल्या की खडू आणि टेप घेऊन खाली उतरा. तुमच्या जागेत हव्या त्या गाडीचा चौकोन आखा. चारही कोपऱ्यांवर वीस लिटरच्या पाण्याच्या रिकाम्या बाटल्या ठेवा. मग शेजारच्या गाडीचं दार उघडायला सांगा आणि तुमच्या चौकोनात किती आत येतं ते बघा. दुपारी रिकाम्या पार्किंगमध्ये केलेल्या मोजमापाला काही अर्थ नाही. सोबत वॉचमनला घ्या. कुठल्या खांबाला कोणाची गाडी घासते, कोण वाकडी लावतो, पावसाळ्यात पाणी कुठपर्यंत येतं, हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नसतं.

स्टॅक पार्किंग, म्हणजे गाड्या एकावर एक ठेवणारं मशीन असेल तर त्यावरची पाटी वाचा: कमाल लांबी, रुंदी, वजन. पॅलेटच्या, म्हणजे गाडी उभी राहते त्या फळीच्या, कडेच्या लोखंडी पट्ट्यांमधलं अंतर वेगळं मोजा, कारण चाकं त्यातून जायची असतात. पॅलेटवर चढताना पुढचा बंपर कडेला टेकतो का, तेही बघा. साध्या दोनमजली स्टॅकमध्ये वरची गाडी काढायला खालची हलवावी लागते. शेजाऱ्याला सकाळी आठला तुमची पावणेपाच मीटरची गाडी बाहेर काढून पुन्हा लावावी लागणार असेल, तर त्याची संमती आधी घ्या. नंतर होणारी भांडणं गाडी विकूनच संपतात.

कागदावरचं सगळं जुळलं तरी शेवटी खरी गाडी आणून बघायचीच. विकणाऱ्याला सांगा, "गाडी पसंत आहे, एकदा माझ्या पार्किंगमध्ये लावून बघतो." प्रामाणिक विकणारा तयार होतो, पेट्रोलचे पैसे तुम्ही द्या. तुम्ही स्वतः लावा, त्याला लावायला देऊ नका. गाडी आत घ्या, बाहेर काढा, पुन्हा घ्या. दोन कटमध्ये बसली तर उत्तम. तीन लागले तर चालेल. चार-पाच वेळा पुढे-मागे करावं लागलं तर ही गाडी तुमच्यासाठी नाही, किंमत कितीही उतरो. रोज दमून घरी आल्यावर हेच करायचं आहे, आणि पावसात काचेवर वाफ धरलेली असेल.

रस्त्यावरच लावत असाल, गिरगावात किंवा दादरच्या गल्ल्यांत, तर गाडीच्या लांबीपेक्षा किमान मीटरभर जास्त मोकळी जागा रोज संध्याकाळी मिळते का, ते आठवडाभर बघा.

३. संध्याकाळच्या गर्दीत चालवा

रविवारी सकाळी कोस्टल रोडवर कुठलीही सेडान गोड लागते. तुम्ही संध्याकाळी सातला एसव्ही रोडला किंवा एलबीएस मार्गाला न्या, एसी चालू ठेवून. मुंगीच्या चालीने पुढे सरकताना गिअरबॉक्स काय करतो, तेवढंच बघा. कोरड्या क्लचचा ड्युअल क्लच गिअरबॉक्स (दोन क्लचचा ऑटोमॅटिक), उदाहरणार्थ १.८ पेट्रोल ऑक्टेव्हियातला सात गिअरचा डीएसजी, अशा चालीत सतत क्लच घसरवत राहतो आणि तापतो. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये थरथर जाणवली तर सौदा सोडा, दुरुस्तीचा आकडा ऐकवत नाही. रोजच्या गर्दीला मी अल्टिस किंवा सिटीचा सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेला पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक, सुचवतो. मॅन्युअल असेल तर पुलाच्या चढावर थांबून पुन्हा निघा. क्लच जड असेल तर तिथेच पोटरीला कळतं.

बीएस-६ डिझेल फक्त शहरात फिरवायला घेऊ नका. तिच्या एक्झॉस्टमधला काजळीचा फिल्टर साफ व्हायला मोकळ्या रस्त्यावर सलग चालणं लागतं. पार्ले ते बीकेसी करून तो तुंबतो.

४. चार माणसं बसवून स्पीडब्रेकर आणि उतार

रिकामी गाडी घासत नाही, भरलेली घासते. बेसमेंटचा रॅम्पही भरल्या गाडीनेच उतरा. डिकीत सीएनजीची टाकी असेल तर मागची बाजू आणखी बसते. मग किटची नोंद आरसीवर आहे का आणि टाकीची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट झाली आहे का, ते बघा.

५. पाण्यात गेलेली नाही ना?

हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे ही नावं मुंबईकराला सांगायला नकोत. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, स्टेपनीखालची खाच बघा, सीटच्या रुळांवर गंज शोधा. बेल्टवर आडवा मातकट डाग दिसला की परत फिरा.

६. निर्णय

जागा साडेचार मीटरची असेल तर जुन्या सिटीच्या पुढे जाऊ नका, सियाझसुद्धा काठावर येते. जागा साडेपाच मीटरची, वाटेत अवघड खांब नाही आणि रोजचा रस्ता बहुतांशी हायवेचा असेल तर अल्टिस निर्धास्त घ्या. सुपर्ब मी फक्त त्यांना सुचवतो, ज्यांच्या घरी आणि ऑफिसात दोन्हीकडे मोठी, कोपऱ्यावरची जागा आहे.

पार्किंगची चाचणी होईपर्यंत टोकन देऊ नका. त्यानंतर कर्जाचा बोजा आरसीवरून उतरलाय का आणि ई-चलनं भरली आहेत का ते तपासा, मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या. गाडी नावावर झाली की चौदा दिवसांच्या आत विमाही नावावर करायचा अर्ज द्या.