या चुका टाळा: परमिसिव्ह, ट्रिप, गेज आणि बाकीचे घोळ

ट्रान्समीटर (दाब, पातळी मोजून सिग्नल पाठवणारं उपकरण) बिघडल्याच्या तक्रारी ऐकायला गेलो की निम्म्या वेळी ट्रान्समीटर ठणठणीत निघतो. कुणीतरी एखाद्या शब्दाचा अर्थ अंदाजाने धरून वायरिंग केलेलं असतं. साखर कारखाना असो की कोल्हापूरजवळच्या शिरोलीची फाउंड्री, चुका त्याच. यातल्या दोन चुकांचा मला मनापासून वैताग आहे, म्हणून त्या आधी.

परमिसिव्हला इंटरलॉक म्हणणं

"साहेब, इंटरलॉक लावलाय." ठीक, म्हणजे यंत्राला अडवणारी अट. पण तो फॅन सुरू करताना अडवतो, की चालू फॅन बंद पाडतो? हे विचारलं की समोरचा पोरगा ठेकेदाराकडे बघतो आणि ठेकेदार लॅपटॉपकडे. परमिसिव्ह ही सुरू करण्यापुरती अट आहे. यंत्र एकदा फिरायला लागलं की तिचं काम संपलं. ट्रिप चालू यंत्र थांबवतो, ऑपरेटरला आवडो वा न आवडो. आपल्याकडे दोन्हींना सरसकट इंटरलॉक म्हणतात आणि तिथंच माती खातात.

आपल्या भागातल्या एका कारखान्यातली गोष्ट. नाव घेत नाही. नवा बगॅस (उसाचा चोथा) जाळणारा बॉयलर. आयडी फॅन धूर ओढतो, एफडी फॅन हवा ढकलतो, आणि दोन्हींच्या मेळावर भट्टी वातावरणापेक्षा जरा कमी दाबावर, वजा पाच मिलिमीटर वॉटर कॉलमच्या आसपास राहते. लॉजिक लिहिणाऱ्यानं 'आयडी चालू असेल तरच एफडी सुरू होईल' एवढंच लिहिलं. तपासणी कशी केली? आयडी बंद ठेवला, एफडीचं बटण दाबलं, फॅन फिरला नाही. इंटरलॉक ओके, सही, चहा. दोन्ही चालू असताना आयडी पाडून बघायचं कुणालाच सुचलं नाही.

ऐन हंगामात रात्रपाळीला आयडीचा ड्राइव्ह ट्रिप झाला. एफडी बिनघोर हवा ढकलत राहिला. काही सेकंदांत भट्टीचा दाब उलटा झाला आणि ज्वाळा बगॅसच्या शूटमधून वर फीडरपर्यंत आल्या. फीडरवरचा माणूस नेमका खाली गेला होता म्हणून वाचला. शूटमधला बगॅस पेटला, बॉयलर बंद. गव्हाणीत ऊस तसाच पडून आणि यार्डातली ट्रॅक्टरची रांग पार रस्त्यापर्यंत. एवढं होऊनही ठेकेदाराचं पालुपद एकच: "लॉजिकमध्ये आयडीची अट आहे की!" आहे ना. सुरू करण्यापुरती.

माझी सवय सांगतो. प्रत्येक यंत्रासाठी वहीत दोन रकाने आखतो, 'सुरू होऊ देत नाही' आणि 'चालू असताना पाडतो'. दुसरा रकाना रिकामा दिसला की प्रोसेसवाल्याला गाठून विचारतो. मग भट्टी थंड असताना दोन्ही फॅन चालवून आयडी पाडतो आणि एफडीचा कॉन्टॅक्टर (मोटरची वीज जोडणारा-तोडणारा स्विच) स्वतः उभा राहून पडताना बघतो. स्क्रीनवरचा लाल रंग मी पुरावा मानत नाही. याला अर्धा दिवस जातो. घाई असलेल्यांनी दुसरा माणूस बघावा.

गेज आणि ॲब्सोल्यूट एकच समजणं

हे खास आपल्या भागाचं दुखणं. गेज दाब बाहेरच्या हवेच्या दाबापासून मोजतात, ॲब्सोल्यूट पूर्ण निर्वातापासून. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे. इथं हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटरला पोचत नाही, तो ७१० च्या आसपास असतो. साखर शिजवायच्या व्हॅक्यूम पॅनमध्ये ११० मिलिमीटर ॲब्सोल्यूट हवं असेल तर इथला व्हॅक्यूम गेज ६०० दाखवणार. आंबा घाट उतरून रत्नागिरीला तोच पॅन नेला तर ६५० दाखवेल. साखर दोन्हीकडे सारखीच शिजेल.

एका नव्या इंजिनिअरनं पुस्तकात ६५० वाचलेलं. गेजवर ६०० बघून त्यानं आधी गळती शोधली, मग ग्लँड आवळले, आणि शेवटी 'कॅलिब्रेशन' म्हणून गेजचा काटा ६५० वर सरकवला. पुढच्या पाळीच्या पॅनमनला ६०० ची सवय. त्यानं इंजेक्शनचं (कंडेन्सरमध्ये वाफ थंड करणारं) पाणी कमी करून काटा ६०० वर आणला, म्हणजे खरा व्हॅक्यूम ५५० झाला. ११० चा ॲब्सोल्यूट दाब १६० वर गेला आणि उकळबिंदू आठेक अंशांनी चढला. साखरेचा रंग वाढल्याची बोंब लॅबमधून आली तेव्हा सगळे चुन्याच्या आणि गंधकाच्या मागे धावत होते. काट्यावर कुणाचाच संशय नव्हता.

पॅनला मी ॲब्सोल्यूट ट्रान्समीटरच लावायला सांगतो. तो हवेला मोकळा केला की इथं ७१० च्या जवळपास दाखवतो आणि तेच बरोबर आहे. ते बघून 'झिरो गेलाय' म्हणत झिरो ट्रिम मारणाऱ्यांच्या हातातून आधी कम्युनिकेटर (ट्रान्समीटर सेट करायचं यंत्र) काढून घ्यावा. डेटाशीटवर नुसतं 'बार' लिहिलेलं असेल तर मी कागद परत पाठवतो. पुढं गेज की ॲब्सोल्यूट ते आलंच पाहिजे.

बाकीच्या, थोडक्यात

एनओ-एनसी (एरवी उघडा आणि एरवी जुळलेला संपर्क): कॅटलॉगमधली अवस्था स्विच टेबलावर पडलेला असतानाची असते. लूब ऑइलच्या लो-प्रेशर ट्रिपला तारा एनओवर घ्या. दाब आला की तो संपर्क जुळतो, दाब गेला किंवा तार तुटली की सुटतो आणि यंत्र थांबतं. 'ट्रिपला एनसीच' असं पाठ करणारे इथं हमखास फसतात.

पातळीच्या ट्रान्समीटरकडून शून्य मिलिअँपिअर म्हणजे टाकी रिकामी नाही, लूप (सिग्नलची वायरिंग) तुटलाय. रिकाम्या टाकीला ४ येतात.

अलार्म आणि ट्रिप एकाच ट्रान्समीटरवरून घेऊन 'दोन संरक्षणं आहेत' असं सांगू नका. डिस्टिलरीच्या स्पिरिट टाकीवर तर नकोच. आणि वेगळा स्विच लावला म्हणजे काम झालं असंही नाही. ११ डिसेंबर २००५ ला इंग्लंडमधल्या बन्सफिल्ड डेपोत टाकीचा गेज अडकला. वरचा स्वतंत्र हाय-लेव्हल स्विचही चालला नाही, कारण त्याचा टेस्ट लिव्हर जागेवर धरणारं कुलूप लावलेलंच नव्हतं. पेट्रोल ओसंडलं आणि डेपो उडाला.

सिल-२ चा (सिल म्हणजे संरक्षण किती भरवशाचं याची पातळी) ट्रान्समीटर घेतला म्हणून लूप सिल-२ होत नाही. आयईसी ६१५११ या मानकात बिघडण्याच्या शक्यतेचा हिशेब सेन्सर, लॉजिक आणि व्हॉल्व्ह मिळून होतो, आणि बहुतेक वेळा त्यातला मोठा वाटा खातो तो वर्षानुवर्षं न हललेला व्हॉल्व्ह. ब्रोशरवाल्याला आधी व्हॉल्व्हचं विचारा.

बायपासचा जम्पर (ट्रिप तात्पुरता टाळायला जोडलेली तार): मी फक्त लाल वायरचे, मोजून नेलेले वापरतो आणि प्रत्येकाची नोंद पाळीच्या वहीत करतो. खिशातल्या तारेच्या तुकड्यानं ट्रिप बायपास करणारा माणूस माझ्या पॅनलजवळ नको.

ट्यूनिंग (कंट्रोलरनं व्हॉल्व्ह किती आणि किती वेगानं हलवायचा ते ठरवणं): जुन्या कंट्रोलरचे आकडे नव्यात जसेच्या तसे भरू नका. प्रपोर्शनल बँड ५० टक्के म्हणजे गेन २. गेनच्या चौकटीत ५० भरले तर व्हॉल्व्ह आपटत बसेल. इंटिग्रलचंही (उरलेला फरक हळूहळू मिटवणारा भाग) तसंच. जुना 'रिपीट प्रति मिनिट' मोजत असेल आणि नवा 'मिनिटं प्रति रिपीट', तर जुन्या ०.५ चे नव्यात २ होतात. ०.५ च ठेवलेत तर इंटिग्रल चौपट जलद होईल आणि बॉयलरच्या ड्रममधली पाण्याची पातळी वरखाली नाचायला लागेल. मॅन्युअलमध्ये एकक कुठलंय ते बघायला दोन मिनिटं पुरतात.