यूपीएसचे मॉसफेट उडालेत? नवे बसवायच्या आधी हे वाचा

यूपीएस बंद पडला की आपल्याकडं बहुतेक जण आधी बॅटरी बदलतात, आणि तरी चालू झाला नाही की मग बोर्ड उघडून मॉसफेट (बॅटरीचा करंट भराभर चालू-बंद करणारे मोठे ट्रान्झिस्टर) बदलतात, आणि बॅटरी जोडली की नवीन मॉसफेट पण ठप्प. हे टाळता येतंय म्हणून एवढं सगळं लिहितोय. झेरॉक्स सेंटर, वजनकाटा, घरचा कॉम्प्युटर, अशा ठिकाणी जो ६०० व्हीएचा एका १२ व्होल्ट ७ एएच बॅटरीवर चालणारा आणि आत जड ट्रान्सफॉर्मर असलेला यूपीएस असतो, त्याच्याबद्दलच बोलतोय. ऑनलाईन यूपीएसला (जो कायम इन्व्हर्टरवरच चालतो) यातलं काही लावू नका, त्यात आत ३५०-४०० व्होल्टचा डीसी असतो, तो माणूस मारतो.

सुरुवातीला प्लग काढा, बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा आणि मोठे कपॅसिटर १०० ओहमच्या रेझिस्टरनं डिस्चार्ज करा. स्क्रूड्रायव्हरनं ठिणगी पाडू नका. बॅटरी काढल्यावर आधी तिचंच बघायचं. नुसता मीटर लावून १२.६ दिसलं म्हणजे चांगली असं काही नाही, गाडीच्या हेडलाईटचा ५५ वॅटचा बल्ब पंधरा-वीस सेकंद लावा आणि व्होल्टेज बघत राहा, १२ च्या आसपास टिकलं तर बॅटरी ठीक, भराभर १० च्या खाली आलं तर बॅटरी गेलेली आहे, बोर्डाला हात लावायची गरजच नाही कदाचित. बॅटरी फुगलेली असली तर मात्र चार्जरवर पण संशय घ्या, मेनवर असताना बॅटरीच्या टोकांवर साधारण १३.५ ते १३.८ हवंत, १४.५ च्या वर जात असेल तर नवीन बॅटरी पण तशीच फुगणार.

बॅटरी चांगली आहे आणि तरी बंद, तर बोर्ड बघा. उघडल्यावर लगेच मीटर लावू नका, आधी नुसतं डोळ्यानं बघा. आमच्या बेळगावात वडगाव-शहापूरला यंत्रमागाचा तंतू सगळ्या बोर्डावर बसतो, उद्यमबागला कारखान्यांची काळी धूळ, आणि खानापूर-कणकुंबीकडं पावसाळ्यात बोर्ड ओलच धरतो, कधी पाल आत जाऊन चिकटलेली असते. आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि जुन्या ब्रशनं घासून नीट वाळवा, नुसत्या साफसफाईनं चालू झालेले यूपीएस असतात. मग ट्रान्सफॉर्मरच्या वायरी आणि रिलेचे पाय भिंगातून बघा, सोल्डरभोवती बारीक गोल चीर दिसली तर ड्राय सोल्डर, म्हणजे सुटलेला जोड, गरम करून नवीन सोल्डर द्या.

चिकोडी, रायबागकडं पंपाची वेळ झाली की व्होल्टेज बसतंय, तिथं रिले लवकर जातात. यूपीएस व्होल्टेज वाढवायला रिलेनंच ट्रान्सफॉर्मरचा टॅप (वाइंडिंगमधून काढलेली जोडणी) बदलतो, दिवसभर टक टक टक चाललेलं असतं ते हेच. कॉन्टॅक्ट जळले की मेनवर आउटपुट येत नाही पण बॅटरीवर येतं, हे लक्षण दिसलं की आधी मागचा फ्यूज आणि मग रिले बघा, मॉसफेटच्या नादाला लागू नका. रिले १२ व्होल्ट कॉइलचा, तेवढ्याच अँपिअरचा आणि पाय तसेच असलेला घ्यायचा.

आता मॉसफेट. बॅटरी न जोडता बोर्डाच्या बॅटरीच्या दोन वायरींवर मीटर डायोडवर ठेवून लाल प्रोब मायनसला आणि काळी प्लसला लावा. ०.४-०.५ च्या आसपास काहीतरी आलं तर बहुतेक ठीक, ते मॉसफेटच्या आतल्या डायोडचं. शून्य येऊन मीटर वाजला तर शॉर्ट. इथंच गडबड होते, कारण सगळ्या मॉसफेटवर तसंच शून्य दिसतं आणि माणूस म्हणतो सगळेच गेलेत. तसं नसतं. मॉसफेट दोन गटांत असतात, ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगच्या एकेका टोकाला एकेक बाजू, आणि दोन्ही बाजूंचे ड्रेन (ट्रान्सफॉर्मरकडचे पाय) त्या वाइंडिंगनं जोडलेले असतात, त्यामुळं एक जरी शॉर्ट असला तरी सगळेच शॉर्ट दाखवतात. ट्रान्सफॉर्मरच्या जाड वायरी बोर्डवरून सोडवा, मग कुठली बाजू गेली ते कळतं, आणि त्या बाजूचा एकेक मॉसफेट काढून बाहेर मोजा.

एक जरी गेला असेल तरी दोन्ही बाजूंचे सगळे एकाच लॉटचे नवीन घाला. नंबर बोर्डावरचाच बघून घ्या, आयआरएफझेड ४४ किंवा आयआरएफ ३२०५ बहुतेक असतो, दोन्ही ५५-६० व्होल्टचे. जुन्या मदरबोर्डवरचे काढून घालायचा विचार करू नका, ते २५-३० व्होल्टचे असतात, आणि इथं एक बाजू चालू असताना दुसऱ्या बाजूच्या ड्रेनवर बॅटरीच्या दुप्पट व्होल्टेज येतं, वर झटके वेगळे. अगदी स्वस्तात मिळणारे ३२०५ बरेचदा नंबर खरवडून परत छापलेले असतात, ते पण नको.

आणि मॉसफेट का गेला ते शोधल्याशिवाय नवीन लावायचाच नाही, माझं सगळं म्हणणं हेच आहे. मॉसफेट शॉर्ट होताना बॅटरीचं व्होल्टेज गेटमधून (मॉसफेट चालू-बंद करणारा पाय) मागं जातं, त्यात गेटचे रेझिस्टर ओपन होतात, म्हणजे आतून तुटतात, आणि मागचे ड्रायव्हरचे, म्हणजे गेटला सिग्नल देणारे, छोटे ट्रान्झिस्टर पण मरतात. रेझिस्टर बाहेरून चांगला दिसतो पण मोजला तर ओपन. मग नवीन मॉसफेटचं गेट हवेत राहतं, मॉसफेट अर्धवट चालू होतो आणि गरम होऊन फुटतो. म्हणून प्रत्येक गेटचा रेझिस्टर, गेट आणि सोर्स (बॅटरीच्या मायनसकडचा पाय) यांमधला १० किलोओहमवाला आणि ड्रायव्हरचे ट्रान्झिस्टर, सगळे मोजा, चांगल्या बाजूशी जुळवत चला म्हणजे आकडे लक्षात येतात. कुणी बॅटरी उलटी जोडली होती का ते पण विचारा, तसं झालं असेल तर बॅटरीचा फ्यूज आणि बोर्डावरच्या जाड पट्ट्या पण जळालेल्या असतात.

दोन्ही हीटसिंक एकमेकांना आणि डब्याला टेकत नाहीत ना, मायका किंवा सिलिकॉनचा तुकडा होता तर परत बसवला ना, हे बघूनच पुढं जा.

बॅटरी थेट जोडायची नाही. प्लसच्या वायरीत गाडीचा ब्रेकलाईटचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब सिरीजमध्ये घाला. जोडल्यावर बल्ब क्षणभर चमकून विझला तर चांगलं, तसाच भगभगीत राहिला तर अजून कुठंतरी शॉर्ट आहे, नवीन मॉसफेट मात्र वाचले. बटण दाबून इन्व्हर्टर चालू केला की बल्ब मंद पेटेल आणि लो बॅटरी म्हणून यूपीएस बंद पण पडेल, ते चालतं. मग बल्ब काढून थेट बॅटरी, आणि आउटपुटला १०० वॅटचा साधा फिलामेंटचा बल्ब. आउटपुट चौकोनी लहरीचं असल्यामुळं स्वस्त मीटर चुकीचा आकडा दाखवतो, त्यापेक्षा बल्बचा उजेड मेनवर आणि बॅटरीवर सारखा दिसतोय का बघा. पाच मिनिटांनी बंद करून बॅटरी काढून दोन्ही हीटसिंकला हात लावा, दोन्ही सारखेच गरम हवेत. एक गार आणि एक भाजणारा असेल तर एका बाजूला ड्राइव्ह पोचत नाही, परत गेटपाशी जा.

मेनवर पहिल्यांदा लावताना पण फेजमध्ये १०० वॅटचा सिरीज बल्ब घाला. आणि हे सगळं करून ड्रायव्हरच्या आधीच पल्स (चालू-बंदचा सिग्नल) येत नसेल, ५ व्होल्टचा सप्लाय ठीक असताना, तर मायक्रोकंट्रोलर, म्हणजे यूपीएस चालवणारी मुख्य चिप, गेलाय, त्यातला प्रोग्राम बाजारात मिळत नाही, तो बोर्ड ठेवा रिले आणि ट्रान्सफॉर्मर काढायला.