ब्रेडमेकर माळ्यावर जाऊ नये म्हणून या चुका टाळा

माझा पहिला ब्रेडमेकर, म्हणजे पीठ मळण्यापासून भाजण्यापर्यंत सगळं एकाच भांड्यात करणारं यंत्र, फुकटात आला आणि दहा सेकंदांत गेला. नणंदेने न्यू जर्सीहून आणला होता. आम्ही पिनेला ॲडॉप्टर लावला आणि भिंतीवरच्या सॉकेटमध्ये खुपसला. जळका वास आला, डिस्प्ले काळा पडला, संपलं. ॲडॉप्टर नुसता पिनेचा आकार बदलतो. अमेरिकेतलं यंत्र १२० व्होल्टचं आणि आपल्या घरात येतात २३०. मध्ये स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण पाच-सहाशे वॉटच्या यंत्राला तो चांगला दणकट लागतो, विटेसारखा जड असतो आणि आपल्या विजेचे ५० हर्ट्झ अमेरिकेसारखे ६० काही करत नाही. तेव्हा परदेशातून कुणी ‘आणू का?’ म्हणालं, तर त्यांना चॉकलेटं आणायला सांगा.

दुसरा मी पैसे मोजून घेतला, आणि तेव्हा दुसरी चूक केली: मेनू मोजले. जॅम, दही, केक, आणखी काय काय. त्यातले तीनच वापरात आहेत: साधा ब्रेड, गव्हाचा ब्रेड आणि नुसतं मळणं. चौथा ‘फक्त भाजणं’ असावा, कारण वरचा भाग पांढरट राहिला तर आणखी दहा मिनिटं देता येतात. तो स्वस्त यंत्रांत कधीकधी नसतो, आणि खोक्यावरच्या मोठ्या आकड्यात ही गोष्ट लपून जाते.

पाहायचं ते भांडं. दुकानात झाकण उघडून आत हात घाला. भांड्याच्या आतल्या बाजूला उभे कंगोरे आहेत का? ते शोभेचे नसतात. १९८५च्या सुमारास जपानच्या मात्सुशिता कंपनीला घरगुती यंत्रात पीठ नीट मळता येईना. तेव्हा इकुको तानाका ही त्यांची सॉफ्टवेअर तयार करणारी बाई ओसाकातल्या एका हॉटेलच्या मुख्य बेकरकडे जाऊन मळायला शिकली. तो पीठ ओढता ओढता पीळ देतो, हे तिने हेरलं. तोच पीळ यंत्रात आणायला भांड्यात कंगोरे घातले गेले. पीठ त्यांना अडतं आणि ताणलं जातं. गुळगुळीत भांड्यात गोळा पात्याबरोबर नुसता गरगर फिरतो.

मग भांडं उलटं करा. बुडाशी पातं फिरवणारा दांडा असतो आणि त्याभोवती रबरी सील. बऱ्याच यंत्रांचं आयुष्य इथेच संपतं. सील झिजलं की पाणी झिरपून खालच्या हीटरवर पडतं. सेकंडहँड घेत असाल (आणि स्वस्तात घ्यायचं तर जरूर घ्या, तीनदा वापरून विकायला काढणारे पुष्कळ असतात) तर भांड्यात पाणी भरून ते पंधरा मिनिटं कागदावर ठेवा. कागद ओला झाला तर नमस्कार करून निघा. आतलं नॉनस्टिक खरवडलेलं असेल तरी तेच. नवं घेताना एकच प्रश्न विचारा: भांडं आणि पातं सुटं मिळतं का?

आकाराचं थोडक्यात. दोघांच्या घराला किलोचा ब्रेड नको. घरच्या ब्रेडमध्ये टिकाऊपणाची औषधं नसतात, पावसाळ्यात तिसऱ्या दिवशी बुरशी धरते.

ब्रेड बसला की यंत्राला शिव्या

इथे मात्र दोष बहुतेक वेळा आपला असतो. पोळ्यांची कणीक आपण अंदाजाने भिजवतो, हाताला कळतं. यंत्राला हात नाहीत. एक कप पीठ कधी १२० ग्रॅम भरतं, तर दाबून भरलं की दीडशे. म्हणून आधी वजनकाटा घ्या. मैद्याच्या छोट्या ब्रेडला ३०० ग्रॅम मैदा, साधारण १९० मिली पाणी, ३ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, ५ ग्रॅम मीठ, चमचाभर साखर, थोडं तेल. चक्कीवरून आणलेल्या कणकेला हेच पाणी घातलंत तर वीट मिळेल. ती जास्त पाणी पिते, २२० मिलीपर्यंतही. शिवाय कोंडा ग्लुटेनचे (पिठाला ताण देणाऱ्या प्रथिनाचे) धागे कापतो, त्यामुळे निव्वळ कणकेचा ब्रेड मैद्याएवढा फुगत नाही. सुरुवात निम्म्या-निम्म्याने करा.

मळणं सुरू झालं की आठव्या मिनिटाला झाकण उघडा. (उघडलेलं चालतं, भाजताना मात्र नाही.) गोळा गुळगुळीत, बोटाला किंचित चिकटणारा हवा. बुडाशी चिखल पसरला असेल तर चमचाभर पीठ घाला; गोळा टणक होऊन भांड्यावर धडधड आपटत असेल तर चमचाभर पाणी. एवढं केलंत तरी निम्म्या तक्रारी मिटतील.

वर फुगून मधोमध खचला, तर पाणी किंवा यीस्ट जास्त झालं, किंवा मीठ राहिलं. मे महिन्यात हे हमखास होतं: तेव्हा माठातलं गार पाणी घ्या आणि यीस्ट थोडं कमी करा. त्याच दिवसांत रात्री टायमर लावून दूध घालू नका, पहाटेपर्यंत नासतं. टायमर लावायचा तर पाणी खाली, वर पीठ, आणि यीस्ट अगदी शेवटी पिठाच्या खळग्यात कोरडं.

वीज गेली तर? काही यंत्रं दहाएक मिनिटं लक्षात ठेवतात, काही लगेच विसरतात आणि पुन्हा पहिल्यापासून मळायला लागतात. वाट पाहू नका. पीठ तेल लावलेल्या डब्यात काढा, फुगू द्या आणि तळाशी मीठ पसरून तापवलेल्या कुकरमध्ये, शिटी आणि रबर काढून, मंद गॅसवर भाजा. पाणी घालायचं नाही.

आणि ब्रेड काढल्यावर पातं मोजा. ते कधी भांड्यात राहतं, कधी ब्रेडच्या पोटात. मी एकदा शेजारच्या काकूंना कौतुकाने अख्खा ब्रेड दिला आणि दोन दिवस पातं शोधत बसले. तिसऱ्या दिवशी डबा परत आला. रिकामा देऊ नये म्हणून काकूंनी त्यात दोन बेसनाचे लाडू ठेवले होते, आणि बाजूला धुऊन पुसून, पातं.