मांजराचं पोट सारखं बिघडतंय? डॉक्टरांकडे जाण्याआधीची तयारी

एखाद्या दिवशी उलटी झाली किंवा शी पातळ झाली, तर मांजर बहुतेक वेळा आपलं आपणच सावरतं. पण तीन आठवडे उलटूनही शी घट्ट होत नसेल, किंवा दर आठ-पंधरा दिवसांनी तेच रडगाणं सुरू होत असेल, तर दुखणं जुनाट झालंय असं धरून चालायचं. अशा दुखण्याचं निदान एका भेटीत क्वचितच होतं. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये ओरडणारं मांजर घेऊन तासभर रिक्षात बसायचं, आणि "हे कधीपासून आहे?" या डॉक्टरांच्या पहिल्याच प्रश्नाला घरातल्या तिघांनी तीन उत्तरं द्यायची, तर ती चक्कर फुकट जाते. म्हणून अपॉइंटमेंट घेतली की मधला आठवडा तयारीला वापरा.

कोणी थांबायचं नाही, ते आधी. चोवीस तास तोंडाला काही लावलं नसेल तर डॉक्टरांना फोन करा. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर त्याच्या यकृतात चरबी साचून जीवावर बेततं. पाणीही पोटात टिकत नसेल, शी डांबरासारखी काळी असेल, हिरड्या पांढुरक्या पडल्या असतील, तर त्याच दिवशी निघा. गजऱ्याचा किंवा फुलपुडीचा दोरा तोंडातून वा मागून लोंबताना दिसला तर तो ओढू नका. दुसरं टोक जिभेखाली किंवा जठराशी अडकलेलं असतं आणि ओढल्यावर आतडं कापलं जातं. बोका ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसून कुंथत असेल तर बद्धकोष्ठ समजून तूप पाजत बसू नका. आधी लिटरमध्ये, म्हणजे ट्रेमधल्या वाळूत, लघवीचे गोळे आहेत का ते पाहा. नसतील तर लघवी तुंबलेली असू शकते, आणि त्यात तासांचा हिशेब असतो.

आता नोंदी. वेगळी वही लोक दोन दिवसांत विसरतात. त्यापेक्षा स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर तारखेच्या चौकटीत लिहा: उलटी झाली तर "उ", पातळ शी झाली तर "जु", आणि पुढे किती वेळा तो आकडा. शीबद्दल एवढं बघायचं की ती दिवसातून एक-दोनदाच पण भरपूर होतेय आणि वजन उतरतंय, की दहा वेळा थोडी थोडी होतेय, शेंबडासारखा चिकट पदार्थ आणि ताज्या रक्ताचे थेंब दिसताहेत. पहिल्या प्रकारात बिघाड सहसा लहान आतड्यात असतो, दुसऱ्यात मोठ्या. पुढच्या तपासण्या यावरूनच ठरतात, त्यामुळे लाज न बाळगता मोबाइलवर फोटो काढा. उलटीचा मात्र व्हिडिओच हवा. पोट आत-बाहेर होऊन उमाळे येत असतील तर ती उलटी. काही त्रास न होता न पचलेलं अन्न सरळ बाहेर पडलं तर अडचण अन्ननलिकेत असू शकते. आणि मान लांब करून जमिनीलगत बसलेलं मांजर बऱ्याचदा खोकत असतं, घरचे मात्र "केसांचा गोळा" म्हणून सोडून देतात.

वजनासाठी माणसांच्या काट्यावर मांजर कडेवर घेऊन उभं राहू नका, त्यात शंभर-दोनशे ग्रॅमचा फरक सहज पडतो. सामान मोजायच्या हुकवाल्या काट्याला कॅरियर अडकवा आणि रिकाम्या कॅरियरचं वजन वजा करा. आठवड्यातून एकदा, त्याच वेळी. 4 किलोच्या मांजराचे 400 ग्रॅम कमी झाले तर दहावा हिस्सा गेला, आणि केसाळ मांजरात ते डोळ्यांना दिसतही नाही.

शीचं सॅम्पल हा सगळ्यात जास्त फसणारा भाग. मेडिकलमधून झाकणाच्या तीन डब्या आणा आणि एक दिवसाआड तीन सॅम्पल घ्या. जिआर्डिया हा आतड्यातला सूक्ष्म परजीवी; त्याचे कोश रोज बाहेर पडत नाहीत, त्यामुळे एका रिपोर्टमध्ये "काही नाही" आलं म्हणून जिआर्डिया नाहीच असं होत नाही. छोट्या चमचाभर, साधारण 5 ग्रॅम पुरे. लिटर न चिकटलेल्या भागातून घ्या, वर तारीख-वेळ लिहा. जंत आणि जिआर्डियाच्या तपासणीसाठी डबी फ्रिजमध्ये दिवसभर चालते. पण ट्रायट्रायकोमोनास हा मोठ्या आतड्यातला परजीवी शोधायचा असेल तर सॅम्पल ताजं, पातळ आणि फ्रिजबाहेरचंच लागतं, थंडीत तो जीव मरतो. लहान वयाच्या, बऱ्याच मांजरांमध्ये वाढलेल्या मांजराला शेंबूड-रक्ताचे जुलाब होत असतील तर हा प्रश्न मुद्दाम विचारा. गुदद्वाराभोवती तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले तर ते पट्टकृमी, आणि ते बहुतेक पिसवांमुळे येतात. तेव्हा जंताच्या औषधाबरोबर पिसवांचंही औषध हवं.

घरात दोन-तीन मांजरं आणि ट्रे एकच, तर जुलाब कोणाला हेच कळत नाही. एकेकाला वेगळ्या खोलीत ठेवणं उत्तम. वन-बीएचकेमध्ये ते जमत नसेल तर बिनविषारी मेणाचा खडू किसून चिमूटभर कीस एकाच्याच ओल्या खाण्यात मिसळा. रंगीत कण कोणत्या शीत दिसतात ते दुसऱ्या दिवशी कळतं.

औषधांची माहिती तोंडी सांगू नका. "ते गुलाबी सिरप" यावरून कोणालाच काही कळत नाही. प्रत्येक स्ट्रिपचा, बाटलीचा फोटो, किती मिली, किती दिवस, आणि शेवटचं जंताचं औषध कोणत्या तारखेला, त्या वेळी वजन किती. मधल्या काळात घरातल्या औषधांच्या डब्याला हात लावू नका. पॅरासिटामॉलची गोळी मांजराला मारू शकते, आणि माणसांचं जुलाब थांबवणारं औषधही डॉक्टरांना न विचारता द्यायचं नाही.

खाण्याची यादी करताना पाऊच आणि सुक्या खाण्याच्या पाकिटामागचे घटक वाचा. समोर "टूना" लिहिलेल्या पाऊचमध्ये चिकनही निघतं. सकाळच्या चहाबरोबरची चमचाभर साय, कोळीणमावशीने दिलेली मांदेलीची डोकी, सोसायटीच्या वॉचमनकडचं बिस्किट, सगळं लिहा. मोठ्या मांजरांना बहुधा दूध पचत नाही. अन्नाची ॲलर्जी असलेल्या मांजरांत बीफ, मासे आणि चिकन हे नेहमीचे गुन्हेगार, आणि आपल्याकडे नेमकं मासे-चिकनच "हलकं" म्हणून घातलं जातं. पावसाळ्यात सुकं खाणं दमट होऊन खवट होतं. महिनाभरात संपेल एवढीच पिशवी घ्या आणि पिशवीसकट हवाबंद डब्यात ठेवा.

जायच्या दिवशीचं थोडक्यात: कॅरियर आठवडाभर आधीपासून घरात उघडा ठेवा, आत जुनी चादर, सोबत दोन सुट्या चादरी आणि कागद. क्लिनिकमध्ये कुत्र्यांची गर्दी असते, कॅरियर टॉवेलने झाकून मांडीवर घ्या. सोनोग्राफी किंवा रक्ततपासणी त्याच दिवशी असेल तर किती तास उपाशी ठेवायचं ते फोनवरच विचारा. सहसा 8 ते 12 तास सांगतात, पाणी चालतं. पिल्लांना आणि मधुमेही मांजरांना हा नियम लावायचा नाही. आठ-दहा वर्षांपुढच्या मांजराचं थायरॉइड तपासून घ्या. भूक दणकून, तरी वजन कमी आणि वर उलट्या-जुलाब, हे थायरॉइड जास्त काम करत असल्याचं नेहमीचं चित्र. बी12 आणि फोलेट या जीवनसत्त्वांच्या तपासणीबद्दलही विचारा. पुढच्या तपासणीसाठी परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा महालक्ष्मीच्या टाटा ट्रस्ट्सच्या प्राणी रुग्णालयात पाठवलं, तर सगळे रिपोर्ट तारखेनुसार एका फाइलमध्ये लावून न्या.

स्टिरॉइड सुरू करण्याचा विषय निघाला तर एकच प्रश्न: बायोप्सी (आतड्याचा छोटा तुकडा काढून तपासणी) करायची आहे का? आतड्याची जुनाट सूज आणि मंद वाढणारा लिम्फोमा (एक कर्करोग) सोनोग्राफीत सारखेच दिसू शकतात, आणि आधी स्टिरॉइड दिलं तर बायोप्सीतही फरक ओळखणं कठीण होतं.

त्याआधी बहुतेक वेळा खाणं बदलून पाहायला सांगतात: हायड्रोलाइज्ड प्रोटीनचं (म्हणजे ॲलर्जी येऊ नये म्हणून प्रथिनांचे बारीक तुकडे केलेलं), किंवा मांजराने कधीच न खाल्लेल्या प्राण्याच्या मांसाचं. हे खाणं कोपऱ्यावरच्या पेट शॉपमध्ये मिळेलच असं नाही, म्हणून तीन आठवड्यांचा साठा आल्यावरच सुरुवात करा. दोन दिवस पाव हिस्सा नवं, दोन दिवस निम्मं, दोन दिवस पाऊण, सातव्या दिवशी पूर्ण. तिथून पुढे किमान दोन आठवडे दुसरं काहीही नाही. ट्रीट, केसांच्या गोळ्यासाठीची पेस्ट, चिकनच्या चवीची गोळी, सगळं बंद. फायदा व्हायचा असेल तर पोटाच्या तक्रारीत तो बहुतेकदा याच काळात दिसतो. प्रयोग हाणून पाडतात ते आजी-आजोबा आणि कामाला येणाऱ्या मावशी, तेही प्रेमापोटी. फ्रिजवर ठसठशीत चिठ्ठी लावा. या दिवसांत लिटरही बदलू नका, नवं प्रोबायोटिकही सुरू करू नका, नाहीतर फरक कशाने पडला ते कोणीच सांगू शकणार नाही.

जिआर्डिया निघाला तर औषधाइतकीच ट्रेची सफाई महत्त्वाची. शी लगेच उचला, ट्रे रोज कडकडीत पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. ओलाव्यात कोश टिकतात, म्हणून पावसाळ्यात दोन ट्रे आलटून पालटून वापरा. फिनाईल किंवा डेटॉल नको, मांजर पंजे चाटतं आणि ते थेट पोटात जातं. मागच्या पायांचे, शेपटीखालचे केसही धुऊन पुसा.

बी12 कमी निघालं तर साधारण सहा आठवडे दर आठवड्याला एक इंजेक्शन असतं. ते कातडीखाली द्यायचं असतं, तेव्हा पहिल्याच वेळी डॉक्टरांकडून शिकून घ्या. प्रत्येक वेळी ऐरोलीहून नेरूळला मांजर नेण्याची गरज राहत नाही.